क्रियापदं मोजा, जोडशब्द मोजा: इंग्रजी वाक्याची तपासणी

नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत निबंधाचा सराव करणारा उमेदवार असो, हिंजवडीत पहिल्या नोकरीवर रुजू झालेली मुलगी असो, की सोसायटीच्या चेअरमनना अर्ज लिहिणारे काका असोत, मराठीतून शिकलेल्या माणसांच्या इंग्रजीत चुका बहुधा त्याच त्या सापडतात. शब्द येत असतात, स्पेलिंगही बरोबर असतं. तरी वाचणारा अडखळतो, कारण वाक्याचा सांगाडा मराठीचा राहिलेला असतो.

मराठी क्रियापद शेवटी येतं आणि बहुधा कर्त्याची खूण अंगावर घेऊन येतं. 'आलो', 'आली', 'आलात' एवढं म्हटलं की कोण आलं ते कळतं. म्हणून आपण कर्ता खुशाल गाळतो, मागेपुढे करतो, एका स्वल्पविरामावर चार वाक्यं ओवतो, आणि काही बिघडत नाही. इंग्रजीतल्या 'केम'वर अशी कुठलीच खूण नाही. तिथे क्रियापदाच्या आधी जो बसला तो कर्ता. जागा चुकली की अर्थ चुकला.

त्यामुळे तपासणी क्रियापदापासून सुरू करायची, आणि एकच हिशोब लक्षात ठेवायचा: वाक्यात जितकी पूर्ण क्रियापदं, त्याहून एक कमी जोडशब्द. क्रियापद 1 असेल तर जोडशब्द शून्य, 2 असतील तर 1, 3 असतील तर 2. जोडशब्द म्हणजे शाळेतलं उभयान्वयी अव्यय. वाक्यरचनेच्या बहुतेक चुका या वजाबाकीत पकडल्या जातात. अप्पा बळवंत चौकातून व्याकरणाची तीन जाडी पुस्तकं आणण्याआधी महिनाभर एवढंच करून पाहा.

उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीत उतरवून घ्या, म्हणजे हातालाही वळण लागेल.

पायरी 1: वाक्यं सुटी करा

लिहिलेला मजकूर फुलस्केपवर पुन्हा उतरवा. पूर्णविराम आला की नवी ओळ, आणि प्रत्येक ओळीखाली दोन बोटं जागा मोकळी. सुरुवातीला 100 ते 150 शब्दांचाच मजकूर घ्या, जास्त घेतला की मोजणी उरकली जाते. जे वाक्य कागदावर दोन ओळींच्या पुढे जाईल, त्याच्यासमोर आधीच फुली मारून ठेवा. ते चुकलेलंच असेल असं नाही, पण झडती घेण्यासारखं नक्की असतं.

वाक्य कुठे संपवायचं ही अडचण मराठी लिहिणाऱ्याला नवी नाही. मोडीत तर शब्दही तोडून लिहीत नसत. मराठी छपाईत विरामचिन्हं रुजवण्याचं मोठं श्रेय पुण्यात काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांना जातं. 1850 साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' काढली. म्हणजे पूर्णविराम आपल्याकडे शिकूनच आला आहे, तो इंग्रजीतही शिकून येईल.

पायरी 2: पूर्ण क्रियापदाखाली रेघ ओढा

पूर्ण क्रियापद ओळखायची सोपी कसोटी: वाक्याच्या आधी 'यस्टर्डे' लावा आणि कोणता शब्द बदलतो ते बघा. 'आय वॉन्ट टू गो टू स्वारगेट' याचं 'यस्टर्डे आय वॉन्टेड टू गो टू स्वारगेट' होतं. 'वॉन्ट' बदललं, 'गो' तसंच राहिलं. म्हणजे रेघ फक्त 'वॉन्ट'खाली. 'शी लाइक्स वॉकिंग' यात 'लाइक्स' बदलतं, 'वॉकिंग' नाही. 'टू' लागलेलं किंवा एकटं 'इंग' लागलेलं रूप कधीही पूर्ण क्रियापद नसतं. आपलं धातुसाधित म्हणतात ते हेच.

साखळी असेल तर सगळी मिळून एकच मोजायची. 'हॅज बीन वेटिंग' हे 1. 'विल', 'कॅन', 'शुड', 'मस्ट' यांनी सुरू होणारी साखळीही 1.

आता 'आय ॲम ॲग्री विथ यू' घ्या. कालचं करायला गेलात तर 'ॲम'चं 'वॉज' होतं आणि 'ॲग्री'चं 'ॲग्रीड'. दोन क्रियापदं, जोडशब्द एकही नाही. हिशोब बसत नाही, म्हणून वाक्य चूक. 'मी सहमत आहे' यातला 'आहे' इंग्रजीत घुसल्यामुळे हे घडतं. बरोबर वाक्य 'आय ॲग्री विथ यू'. 'ही इज वर्क इन अ बँक', 'आय वॉज वेंट देअर' ही याचीच भावंडं. 'डिड नॉट वेंट' जरा वेगळं आहे: तिथे भूतकाळ 'डिड'ने आधीच उचललेला असतो, म्हणून पुढचं क्रियापद साधं, 'डिड नॉट गो'.

दुसऱ्या टोकाला क्रियापद नसलेली वाक्यं. 'रिगार्डिंग युवर मेल ऑफ मंडे.' 'होपिंग फॉर अ पॉझिटिव्ह रिप्लाय.' ऑफिसच्या मेलमध्ये ही सर्रास दिसतात. रेघ कुठेच ओढता येत नाही, म्हणजे वाक्य झालेलंच नाही. 'आय ॲम रायटिंग अबाउट युवर मेल ऑफ मंडे', 'आय होप फॉर अ पॉझिटिव्ह रिप्लाय' असं करा. 'बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन.' हे मात्र फसवं. इथे क्रियापद आहे. पण 1 क्रियापदाला जोडशब्द शून्य हवा आणि इथे 'बिकॉज' बसला आहे. तो दुसऱ्या टोकाची वाट बघतो. मागच्या वाक्याला जोडून टाका: 'वी कुड नॉट सेंड द फाइल बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन.'

पायरी 3: क्रियापदाचा धनी शोधा

प्रत्येक रेघेला विचारा: कोण? उत्तर क्रियापदाच्या डावीकडे, एकाच शब्दसमूहात मिळालं पाहिजे.

धनी नसेल तर आणावा लागतो. 'सकाळपासून पाऊस पडतोय' याचं 'इज रेनिंग सिन्स मॉर्निंग' होतं, तिथे 'इट' हवा: 'इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग.' 'पुण्यात खूप टेकड्या आहेत' हे 'इन पुणे आर मेनी हिल्स' असं उतरतं, तिथे 'देअर' हवा: 'देअर आर मेनी हिल्स इन पुणे.' या 'इट'ला आणि 'देअर'ला स्वतःचा अर्थ नाही. इंग्रजीला कर्त्याची खुर्ची रिकामी चालत नाही, म्हणून ते तिथे बसवायचे.

उलट, दोन धनीही चालत नाहीत. 'जो मुलगा तिथे उभा आहे तो माझा भाऊ आहे' हे वाक्य आपल्याला इतकं सवयीचं की 'द बॉय हू इज स्टँडिंग देअर, ही इज माय ब्रदर' असं आपोआप लिहिलं जातं. 'द बॉय' आलेला असताना 'ही' कशाला? 'ही' आणि त्याआधीचा स्वल्पविराम, दोन्ही खोडा.

धनी एक की अनेक, हेही इथेच बघून घ्या. 'द लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स आर अटॅच्ड' यात जोडलेली आहे ती लिस्ट, म्हणून 'इज'. 'ऑफ'च्या पुढचा शब्द बहुधा धनी नसतो, तो जवळ बसलेला शेजारी असतो. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन कोथरूड' यात 'फ्रेंड्स' अनेकवचनी आणि 'लिव्ह्ज' एकवचनी, दोन्ही एकाच वेळी बरोबर. 'एव्हरीवन' एकवचनी. आणि 'माझे वडील येतात' या आदरामुळे 'माय फादर कम' लिहू नका. इंग्रजीत आदराला अनेकवचन नाही, 'माय फादर कम्स'.

पायरी 4: जोडशब्दांभोवती गोल करा

इथे घाई नको, सगळ्यात जास्त गोंधळ याच पायरीवर होतो. जोडशब्द दोन प्रकारचे असतात आणि तिसरा प्रकार सोंग घेतलेला असतो.

पहिला प्रकार बरोबरीने जोडणारा: 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो', 'येट'. आपली संयुक्त वाक्यं करणारे हे शब्द. दोन्ही बाजूंना आपापला कर्ता आणि क्रियापद असेल तर यांच्या आधी स्वल्पविराम देतात. दुसरा प्रकार एका वाक्याला दुसऱ्याच्या हाताखाली देणारा: 'बिकॉज', 'ऑल्दो', 'व्हेन', 'इफ', 'व्हाइल', 'अनटिल', 'दॅट', 'हू', 'व्हिच', 'व्हेअर'. ही आपली मिश्र वाक्यं.

तिसरे 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर', 'देन', 'ऑल्सो'. हे जोडशब्द नाहीत, यांच्याभोवती गोल करायचा नाही. मराठीत 'काल सुट्टी होती, त्यामुळे मेल पाहिला नाही' हे निर्दोष आहे. म्हणून 'यस्टर्डे वॉज अ हॉलिडे, देअरफोर आय डिड नॉट सी द मेल' हेही निर्दोष वाटतं. ते चूक आहे: क्रियापदं 2, जोडशब्द 0. सोंग ओळखायची युक्ती अशी की शब्द वाक्यात पुढे सरकवून पाहायचा. 'आय, देअरफोर, डिड नॉट सी द मेल' चालतं. 'आय, सो, डिड नॉट सी द मेल' चालत नाही. जो आत सरकू शकतो तो जोडत नाही. 'देअरफोर' ठेवायचाच असेल तर त्याच्या आधी पूर्णविराम द्या, नाहीतर त्या जागी 'सो' घ्या.

मोजताना काही गोष्टी सांभाळा. 'अँड' दोन नामांना जोडत असेल ('टी अँड बिस्किट्स') तर मोजू नका, त्याच्या दोन्ही बाजूंना क्रियापद हवं. 'सिन्स मंडे', 'आफ्टर लंच' यांच्यापुढे क्रियापद नाही, हे सोडा. 'व्हाइल चेकिंग', 'बिफोर लीव्हिंग' यांच्यापुढे फक्त 'इंग' रूप आहे, हेही सोडा. 'आय थिंक ही इज राइट' यात 'दॅट' लपलेला असतो, तो धरून 1. आणि यादीत शेवटचा सोडून बाकी 'अँड'ची जागा स्वल्पविराम घेतो: 'वी क्लाइम्ब्ड सिंहगड, एट पिठलं-भाकरी अँड केम डाउन.' क्रियापदं 3, एक स्वल्पविराम आणि एक 'अँड' मिळून 2. बरोबर.

आता खास आपली चूक. मराठीत जोडशब्द जोडीने येतात: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, ज्याअर्थी-त्याअर्थी. एकाला इंग्रजी शब्द दिला की दुसरा हात धरून मागून येतो. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' क्रियापदं 2, जोडशब्द 2. एक जादा. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट', दोन्ही नको. 'ॲज द रोड वॉज क्लोज्ड, सो वी टर्न्ड बॅक' हेही तसंच. 'व्हेन ही केम, दॅट टाइम आय वॉज आउट' यातलं 'दॅट टाइम' म्हणजे 'तेव्हा'. मोजणीत ते सापडणार नाही, डोळ्यांनी पकडा आणि खोडा. या जोड्यांतली 'इफ-देन' तेवढी इंग्रजीत चालते, तिथेही 'देन' गाळलेला बरा.

पायरी 5: हिशोब चुकला तर काय दुरुस्त करायचं

जोडशब्द जास्त झाला तर एक खोडायचा, प्रश्न संपला. कमी पडला तर चार वाटा आहेत. हे वाक्य बघा: 'शनिवारवाडा वॉज कम्प्लीटेड इन 1732, अ फायर डिस्ट्रॉइड मच ऑफ इट इन 1828.' क्रियापदं 2, जोडणारं काहीच नाही, फक्त स्वल्पविराम. इंग्रजी स्वल्पविरामाला, यादी सोडली तर, दोन वाक्यं पेलत नाहीत.

पहिली वाट पूर्णविरामाची: '...इन 1732. अ फायर डिस्ट्रॉइड...' दुसरी 'बट'ची, आधी स्वल्पविराम देऊन. तिसरी 'हाताखाली' देण्याची: 'द शनिवारवाडा, व्हिच वॉज कम्प्लीटेड इन 1732, लॉस्ट मच ऑफ इट्स स्ट्रक्चर टू अ फायर इन 1828.' चौथी अर्धविरामाची. नवख्याने पहिले सहा महिने अर्धविराम वापरूच नये, कारण तो स्वल्पविरामाचा मोठा भाऊ समजून कुठेही दिला जातो. शंका असेल तेव्हा पूर्णविराम द्या. लहान वाक्यांची कुणी तक्रार करत नाही. कारण सांगायचं असेल तिथे मात्र 'बिकॉज' घाला. सगळीकडे पूर्णविराम दिला तर कारण आणि परिणाम सुटे पडतात.

पायरी 6: '-ताना' आणि '-ऊन' तपासा

हिशोब जुळूनही वाक्य चुकू शकतं, ते इथे. 'गाडी चालवताना फोन वाजला' हे मराठीत अगदी ठीक आहे. गाडी कोण चालवत होतं ते ऐकणारा समजून घेतो. 'ड्रायव्हिंग टू हिंजवडी, द फोन रँग' या वाक्यात मात्र फोन गाडी चालवतो आहे. इंग्रजीचा नियम असा: सुरुवातीच्या 'इंग' तुकड्याचा धनी तोच, जो स्वल्पविरामानंतर लगेच येतो. म्हणून वाक्याची सुरुवात 'इंग'ने झाली की स्वल्पविरामाच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हे काम यानेच केलं का? नसेल तर तुकड्याला स्वतःचा कर्ता द्या: 'व्हाइल आय वॉज ड्रायव्हिंग टू हिंजवडी, द फोन रँग.'

'रविवार असल्यामुळे ऑफिस बंद होतं' याचं 'बीइंग अ संडे, द ऑफिस वॉज क्लोज्ड' होतं, म्हणजे ऑफिस हाच रविवार. 'द ऑफिस वॉज क्लोज्ड बिकॉज इट वॉज संडे' लिहा. आणि '-ऊन'ची माळ इंग्रजीत 'इंग'ने ओवू नका. 'बँकेत जाऊन, फॉर्म भरून, सही करून ये' याला साधी यादी पुरते: 'गो टू द बँक, फिल इन द फॉर्म अँड साइन इट.'

पायरी 7: आतल्या प्रश्नाचा क्रम

'ऑफिस कुठे आहे?' आणि 'ऑफिस कुठे आहे मला माहीत नाही', दोन्हींत मराठीचा क्रम एकच. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या आत गेला की क्रम सरळ होतो. 'आय डोन्ट नो व्हेअर इज द ऑफिस' चूक, 'व्हेअर द ऑफिस इज' बरोबर. 'डू', 'डज', 'डिड' असेल तर गळून पडतो: 'टेल मी व्हॉट ही सेड.' आपला 'की' इथेही घुसतो: 'ही आस्क्ड मी दॅट व्हेन विल यू कम.' क्रियापदं 2, जोडशब्द 2. 'दॅट' काढा, क्रम सरळ करा, आणि 'यू'चं 'आय' करा: 'ही आस्क्ड मी व्हेन आय वुड कम.'

एक अर्ज, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

'रिस्पेक्टेड सर, आय ॲम स्टेइंग इन बी विंग, द वॉटर इज नॉट कमिंग सिन्स मंडे, देअरफोर वी आर सफरिंग. ऑल्दो आय हॅव कम्प्लेन्ड ट्वाइस बट नो रिप्लाय. व्हाइल चेकिंग द टँक, द व्हॉल्व्ह वॉज फाउंड ब्रोकन. प्लीज टेल व्हेन विल द प्लंबर कम.'

पहिल्या वाक्यात रेघा 3: 'ॲम स्टेइंग', 'इज नॉट कमिंग', 'आर सफरिंग'. गोल शून्य, कारण 'देअरफोर' सोंगाडा आहे. 2 जोडशब्द शोधत बसण्यापेक्षा तोडणं सोपं. 'सिन्स मंडे' म्हणजे सोमवारपासून आतापर्यंत, तिथे 'इज' चालत नाही, 'हॅव' लागतो. 'वी आर सफरिंग' काढून टाका, पाणी नाही म्हटल्यावर त्रास चेअरमनना कळतो.

दुसऱ्यात रेघ 1, गोल 2. 'नो रिप्लाय'ला क्रियापद नाही, ते द्या आणि 'ऑल्दो' काढा. तिसऱ्यात हिशोब ठीक, पण टाकी व्हॉल्व्हने तपासली असं होतं. ती वॉचमनने पाहिली असेल तर त्याला स्वल्पविरामापुढे बसवा. चौथ्यात 'टेल'ला 'मी' हवा आणि आतल्या प्रश्नाचा क्रम सरळ हवा. 'टेल'चा कर्ता दिसत नाही याची काळजी नको, आज्ञार्थात 'यू' गृहीत असतो.

'रिस्पेक्टेड सर, आय लिव्ह इन बी विंग. वी हॅव हॅड नो वॉटर सिन्स मंडे. आय हॅव कम्प्लेन्ड ट्वाइस बट हॅव रिसीव्ड नो रिप्लाय. व्हाइल चेकिंग द टँक, द वॉचमन फाउंड दॅट द व्हॉल्व्ह वॉज ब्रोकन. प्लीज टेल मी व्हेन द प्लंबर विल कम.'

रेघा आणि गोल पुन्हा मोजा: 1 आणि 0, 1 आणि 0, 2 आणि 1, 2 आणि 1, 2 आणि 1.

मजकूर पाठवण्याआधी शेवटच्या वाक्यापासून उलट वाचत या, एकेक वाक्य मोठ्याने. सरळ वाचताना मागचा संदर्भ डोक्यात असतो, त्यामुळे 'बिकॉज...'ने सुरू झालेलं अर्धं वाक्यही पूर्ण वाटतं. उलट वाचताना ते एकटं समोर येतं आणि लगेच टोचतं. मोबाइलमधला किंवा लॅपटॉपवरचा व्याकरण तपासनीस 'इज-आर'च्या चुका बऱ्यापैकी दाखवतो, पण गाडी चालवणारा फोन त्याच्या नजरेतून अनेकदा सुटतो. सहावी पायरी तरी स्वतःच करा.